एका दालनातले दोघे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “तू कलेचा इतिहास शिकवतेस, तर त्यातलं काहीतरी सांग. पण वर्गात शिकवतेस तसं नको, आणि जेवणाच्या आत आटप.” दोन्ही अटी मान्य करून मी उभी आहे.

मेळाव्याला शोभेल असा विषय कोणता, याचा विचार करताना लक्षात आलं की आपण भेटलो की सगळ्यात आधी आठवतं ते कोण कुणाच्या शेजारी बसायचं. हजेरीपटाचा क्रम विसरतो, पण बाकावरच्या जोड्या विसरत नाही. एकीचं नाव काढलं की दुसरीचं आपोआप येतं. म्हणून मी आज एका जोडीबद्दल बोलणार आहे. दोघेही शिल्पकार, दोघेही इंग्लंडमधले. एकाच कारागिराकडून दगड घडवायला शिकले, शेजारी शेजारी काम करत राहिले आणि १९२७ ते १९३० या काळात त्यांनी आपली शिल्पं तीनदा एकत्र मांडली. एकीचं नाव बार्बरा हेपवर्थ, दुसऱ्याचं जॉन स्कीपिंग.

पहिलं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नाव ऐकलं नसलं तरी काम पाहिलं असेल. मुलांकडे अमेरिकेला गेलेल्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर फोटो काढला असेल. तिथे कारंज्याच्या कडेला एक उंच, चपटं, वरच्या बाजूला गोल आरपार छिद्र असलेलं ब्राँझचं शिल्प उभं आहे. सुमारे एकवीस फूट उंच. त्याचं नाव ‘सिंगल फॉर्म’. विमान अपघातात गेलेले सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ ते हेपवर्थनं केलं आणि १९६४ साली तिथे बसवलं गेलं. दुसरं नाव मात्र इथे बहुधा कुणीच ऐकलेलं नसेल. १९२७ मध्ये परिस्थिती नेमकी उलट होती. तेव्हा लंडनच्या कलाजगतात नाव होतं ते स्कीपिंगचं, आणि हेपवर्थ ही त्याची बायको. आज पुस्तकांमध्ये स्कीपिंग सापडतो तो बहुतेक वेळा “हेपवर्थचा पहिला नवरा” म्हणून. ही अदलाबदल कशी झाली आणि तिच्यात काय हरवलं, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात शाळेपासूनच करू.

बार्बराचा जन्म १९०३ चा, यॉर्कशर परगण्यातल्या वेकफील्ड गावचा. वडील रस्ते-पुलांचं काम पाहणारे सरकारी सर्वेक्षक. कामावर जाताना ते मुलीला मोटारीत बसवून न्यायचे, आणि रस्त्याचे चढउतार, टेकड्यांचे उंचवटे तिच्या मनात बसत गेले. ती वेकफील्डच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये शिकली. मुख्याध्यापिका मिस मॅक्रोबेन यांनी एकदा मुलींना पडद्यावर इजिप्तच्या शिल्पांची चित्रं दाखवली. बार्बरा तेव्हा सात वर्षांची होती. आयुष्यभर मुलाखतींत आणि लेखांत ती त्या एका तासाचा उल्लेख करत राहिली. बाईंनी बहुधा तो तास घेतला आणि दुसऱ्या दिवशी हजेरी, फी, पावसाळी छत्र्या यांत त्या बुडून गेल्या असतील. इथे बसलेल्या बाई आणि सर, तुमचा कुठला तास कुणाच्या आयुष्यात जाऊन बसला असेल, याचा पत्ता तुम्हाला क्वचितच लागतो. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती लीड्सच्या कलाशाळेत गेली. तिथे तिला भेटला हेन्री मूर. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, वेकफील्डपासून काही मैलांवरच्या कॅसलफर्ड गावचा, पहिलं महायुद्ध लढून आलेला, वयानं पाच वर्षांनी मोठा. दोघेही १९२१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. या मूरची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

त्या कॉलेजचे प्राचार्य होते विल्यम रोथेनस्टाइन. हे नाव आपल्याला अगदी परकं नाही. रवींद्रनाथांनी इंग्रजी ‘गीतांजली’ ज्यांना अर्पण केली, तेच हे. १९१०-११ मध्ये ते हिंदुस्थानात आले होते आणि अजिंठ्याची लेणी पाहून भारावून गेले होते. भारतीय कलेला कला म्हणून मान मिळावा यासाठी लंडनमध्ये स्थापन झालेल्या इंडिया सोसायटीच्या संस्थापकांपैकीही ते एक. आपल्या डोंगरांतली लेणी डोळ्यांत साठवून गेलेला माणूस मूर आणि हेपवर्थ यांच्या कॉलेजचा प्रमुख होता, हा योगायोग मला फार आवडतो.

जॉन स्कीपिंग दुसरीकडे घडत होता. जन्म १९०१ चा, घरातच कला, वडील चित्रकार. तो रॉयल अकादमीच्या शाळेत शिकला. हात विलक्षण तयार. त्या काळी तरुण शिल्पकारांसाठी सर्वांत मोठा मान होता ‘प्री द रोम’, म्हणजे रोमला जाऊन राहून शिकण्याची शिष्यवृत्ती. १९२४ मध्ये ती स्कीपिंगनं जिंकली. हेपवर्थचा दुसरा नंबर आला.

आपल्या सभागृहातला लाकडी फलक आठवा. त्यावर सोनेरी अक्षरांत दरवर्षी एक नाव, पहिल्या नंबराचं. १९२४ च्या त्या फलकावर स्कीपिंगचं नाव लागलं असतं. हेपवर्थचं नाव कुठेच नसतं.

पण दुसरा नंबर आलेली मुलगी घरी बसली नाही. तिला तिच्या परगण्याची प्रवास-शिष्यवृत्ती मिळाली आणि ती फ्लॉरेन्सला पोचली. इटलीत दोघांची गाठ पडली आणि मे १९२५ मध्ये फ्लॉरेन्समध्येच त्यांचं लग्न झालं. ज्याच्याकडून स्पर्धा हरली त्याच्याशीच लग्न केलं, असं म्हणून तुम्ही हसाल. पण माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, रोममध्ये. तिथे जोव्हान्नी आर्दिनी नावाच्या एका संगमरवर-कारागिराकडे दोघेही दगड घडवायला शिकले.

इथे थोडं थांबून कामाची पद्धत सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तोवर युरोपातल्या बहुतेक कलाशाळांत शिल्पकार मातीत काम करायचा. मातीची मूर्ती तयार झाली की तिचा साचा घ्यायचा, त्यातून प्लास्टरची प्रत काढायची. मग ती प्रत दगडात उतरवायची. त्यासाठी एक मोजमापाचं यंत्र असे. मूर्तीच्या एकेका बिंदूची खोली त्यावर मोजायची आणि दगडात तेवढंच खोल जायचं. हे काम बहुधा पगारी कारागीर करत. शिल्पकाराचा हात दगडाला लागलाच तर शेवटी. म्हणजे कल्पना एकाची, घाम दुसऱ्याचा.

या रीतीविरुद्ध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये काही जण उभे राहिले. एपस्टाइन, एरिक गिल, गोदिए-ब्रझेस्का ही त्यातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं साधं होतं. दगड स्वतः घडवा. आधी मातीत ठरवून मग दगडावर लादू नका. दगडाचा कठीणपणा, त्याच्या शिरा, त्याचा रंग यांच्याशी बोलत बोलत आकार शोधा. हे आपल्याला नवीन वाटत नाही. वेरुळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे. चुकलं तर परत चिकटवायची सोयच नाही. आणि हा दुवा केवळ माझ्या मनातला नाही. भारतीय कलेचे भाष्यकार आनंद कुमारस्वामी हे एरिक गिलचे स्नेही. कुमारस्वामींच्या १९१४ च्या ‘विश्वकर्मा’ या ग्रंथाची प्रस्तावना गिलनंच लिहिली आहे. इंग्लंडमध्ये दगड स्वतः घडवण्याचा जो आग्रह सुरू झाला, त्याच्यामागे आपल्याकडच्या पाथरवटांचीही सावली होती.

पण आग्रह वेगळा आणि अंगमेहनत वेगळी. दगड कुठे फुटेल, छिन्नी कुठल्या कोनात धरायची, कुठली टाकी कधी बदलायची, हे पुस्तकात मिळत नाही. ते आर्दिनीनं शिकवलं. तो नावाजलेला कलावंत नव्हता. तो हातानं काम जाणणारा माणूस होता. त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट हेपवर्थनं पुढे नोंदवून ठेवली. तिचा आशय असा, की एकच संगमरवर वेगवेगळ्या माणसांच्या हाताखाली वेगवेगळा रंग धरतो.

मला वाटतं, दोघांच्या एकत्र प्रदर्शनांचा सगळा अर्थ या एका निरीक्षणात आहे. गुरू एक, छिन्नी-हातोडी तीच, दगडाची जातही पुष्कळदा तीच, आणि रंग मात्र वेगळा.

स्कीपिंगची प्रकृती बिघडल्यामुळे १९२६ च्या अखेरीस दोघे लंडनला परतले. हातात पैसा नाही, ओळखी थोड्या. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी पहिलं एकत्र प्रदर्शन मांडलं ते कुठल्याही गॅलरीत नव्हे, सेंट जॉन्स वुड भागातल्या स्वतःच्या राहत्या स्टुडिओत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काम करणारे रिचर्ड बेडफर्ड, जे स्वतःही दगड घडवायचे, त्यांच्याबरोबर जॉर्ज युमोर्फोपोलोस आले. चिनी कलावस्तूंच्या संग्रहासाठी हे गृहस्थ जगभर प्रसिद्ध होते. पुढे तो संग्रह ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी विकत घेतला. हजारो वर्षांपूर्वीची उत्तम कामं रोज हाताळणाऱ्या या माणसानं त्या तरुण जोडप्याच्या घरातून शिल्पं विकत घेतली. त्यांत हेपवर्थचीही होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये लंडनच्या बो आर्ट्स गॅलरीत प्रदर्शन झालं. त्यात विल्यम मॉर्गन या तिसऱ्या कलावंताचंही काम होतं. आणि १९३० मध्ये आर्थर टूथ यांच्या गॅलरीत पुन्हा दोघांचं एकत्र. मधल्या काळात, १९२८ मध्ये, ते हॅम्पस्टेडमधल्या मॉल स्टुडिओज या ओळीतल्या सात नंबरच्या जागेत राहायला गेले होते.

आता त्या वर्षांतली दोघांची कामं मनातल्या मनात एका दालनात शेजारी शेजारी ठेवून पाहू.

स्कीपिंगचा हातखंडा विषय प्राणी. वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखान्यासाठी त्यानं याच सुमारास हरिण, कांगारू, ध्रुवीय अस्वल, गवा अशा प्राण्यांच्या छोट्या मूर्तींचे नमुने केले. ते इतके लोकप्रिय झाले की पुढे कितीतरी वर्षं कारखाना त्या मूर्ती काढत राहिला. त्याची नजर प्राण्याचा भार नेमका पकडायची. वजन कुठल्या पायावर आहे, मान कुठे वळणार आहे. १९३० चं त्याचं एक काम लंडनच्या टेट संग्रहालयात आहे: लाजवर्द या गडद निळ्या दगडात घडवलेला रानरेडा. लाजवर्द आपण अंगठीत, मण्यांत किंवा जडावकामात पाहतो. तो महाग, ठिसूळ, त्यात पांढरे-सोनेरी डाग. त्यात रेडा घडवायचा म्हणजे हाताची सफाई किती असेल!

हेपवर्थकडे या. १९२७ मधली तिची ‘कबुतरं’ मँचेस्टरच्या संग्रहालयात आहेत. पांढऱ्या संगमरवरात दोन पक्षी एकमेकांना बिलगून बसलेले. तिचाही विषय प्राणीच, पण पिसं नाहीत, डोळ्यांचे तपशील नाहीत. दगडाचा गोळा जणू थोडासाच जागा झाला आहे. त्याच वर्षातलं ‘आई आणि मूल’ असंच, दगडाचा मूळ ठोकळा न मोडता त्याच्या आतच घडवलेलं. आणि मग १९२९ चं ‘इन्फंट’, म्हणजे ‘तान्हं’. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला, पॉल. त्याच्यावरून केलेलं हे लाकडातलं शिल्प. लाकूड ब्रह्मदेशचं, आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. लंडनच्या एका स्टुडिओतलं इंग्रज बाळ आपल्या बाजूच्या लाकडातून जन्माला आलं, म्हणा ना.

दोन्ही शेजारी ठेवले की काय दिसतं? स्कीपिंग प्राण्याकडून दगडाकडे जातो. त्याला आधी रेडा दिसतो आणि मग तो दगडाला त्या रेड्यापर्यंत नेतो. हेपवर्थ दगडाकडून प्राण्याकडे जाते. तिला आधी दगड दिसतो आणि त्यात मावेल तेवढंच कबूतर ती घेते. वेगवेगळ्या दालनांत, वेगवेगळ्या वर्षी पाहिलं असतं तर हा फरक इतका स्वच्छ दिसला नसता. एकत्र प्रदर्शन म्हणजे दोघांचं मिळून एक काम, असा आपला समज असतो. खरं तर शेजारी कोणी असलं की आपली रेघ कुठली, हे आपल्यालाच पहिल्यांदा कळतं. बाकावर शेजारी बसून एकाच विषयावर दोघींनी निबंध लिहिला की कळायचं ना, तसंच.

आणि देवाणघेवाणही झाली. रॉयल कॉलेजात हेपवर्थचं शिक्षण मुख्यतः मातीकामाचं. ती दगडाकडे पुरती वळली ती इटलीत, स्कीपिंगबरोबर आर्दिनीकडे शिकताना. उलट पुढची काही वर्षं स्कीपिंगच्या कामातही तपशील कमी होत गेलेले, आकार अमूर्ताकडे झुकलेले दिसतात. नंतर तो पुन्हा आपल्या प्राण्यांकडे परतला. कोणी कुणाकडून किती घेतलं याचा हिशेब लावता येत नाही. रोज एका छताखाली दोन हातोड्या वाजत असतील, तर कुठल्या ठोक्यानं कुठला दगड फुटला हे कोण सांगणार?

१९३० च्या उन्हाळ्यात हे दोघे आणि हेन्री मूर नॉरफकच्या समुद्रकिनारी सुट्टीला गेले. गावाचं नाव हेझब्रो. तिथे लोहयुक्त दगडाचे, समुद्रानं घासून गुळगुळीत केलेले गोटे पडलेले असत. आपण लहानपणी नदीतले गोटे खिशात भरायचो, तसे या तीन मोठ्या माणसांनी ते गोळा केले आणि लंडनला आणून त्यांत शिल्पं घडवली. समुद्रानं अर्धवट घडवलेला दगड तिघांच्या हाती तीन तऱ्हांनी पुरा झाला.

पण १९३१ मध्ये संसार मोडला. कोणाचं चुकलं, हे आपलं काम नाही. १९३३ मध्ये घटस्फोट झाला. हेपवर्थ पुढे चित्रकार बेन निकल्सनबरोबर राहू लागली, १९३४ मध्ये त्यांना तिळं झालं. दोन शिल्पकारांची एकत्र प्रदर्शनं तिथे संपली.

इथून पुढे दोघांच्या नावांचं काय झालं ते पाहा.

१९३१ मध्ये हेपवर्थनं गुलाबी अलाबास्टर दगडातल्या एका शिल्पाला आरपार भोक पाडलं. ऐकायला साधं वाटतं. पण भोक पडलं की शिल्पाची मागची बाजू, पलीकडचा उजेड आणि मोकळी हवा हेही शिल्पाचा भाग होतात. ते शिल्प पुढे युद्धात नष्ट झालं. मूरनं आपल्या शिल्पाला आरपार छिद्र पाडलं ते १९३२ मध्ये. तरीही पुढची कित्येक वर्षं ‘भोकाचा शिल्पकार’ म्हणजे मूर, हेच समीकरण राहिलं. व्यंगचित्रांतसुद्धा भोक दिसलं की मूर! १९४८ मध्ये व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात मूरला शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं. १९५० मध्ये तिथे हेपवर्थची शिल्पं गेली, तेव्हा अनेक समीक्षकांना ती मूरची अनुयायी वाटली. एका परगण्यातले, एका कलाशाळेतले, एका कॉलेजातले दोन सोबती. त्यांतला एक गुरू ठरवला गेला आणि दुसरी शिष्या. याचा सल तिला आयुष्यभर होता.

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगावीशी वाटते. “पहिलं भोक कुणी पाडलं” हा प्रश्न तिच्या बाजूनं सोडवला की आपल्याला बरं वाटतं. मीही तारखा सांगून तेच केलं. पण त्याच प्रश्नामुळे स्कीपिंग साफ पुसला जातो. मूर आणि हेपवर्थ यांच्यात पहिला कोण, या वादात तिसऱ्या माणसाला जागाच नाही. ज्याच्याबरोबर ती दगड शिकली, ज्याच्याबरोबर तिनं पहिली तीन प्रदर्शनं मांडली, तो “पहिला नवरा” म्हणून तळटीपेत गेला. स्त्री म्हणून तिच्यावर जो अन्याय झाला, तसाच काहीसा मग त्याच्यावर उलटला.

स्कीपिंगचं आयुष्य काही वाया गेलं नाही, हेही सांगायला हवं. तो मेक्सिकोत राहून आला, त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. १९५३ ते १९५९ तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिल्पकलेचा प्राध्यापक होता, म्हणजे मूर आणि हेपवर्थ जिथे शिकले, तिथेच. न्यूमार्केट या घोड्यांच्या शर्यतींच्या गावी ‘हायपेरियन’ या नामांकित घोड्याचा पूर्णाकृती पुतळा आहे, तो त्याचा. शर्यतीच्या घोड्यांचा शिल्पकार म्हणून त्याची मोठी ख्याती झाली. शेवटची वर्षं तो फ्रान्सच्या दक्षिणेला, रानघोड्यांच्या कामार्ग प्रदेशात राहिला. १९८० मध्ये गेला.

हेपवर्थ १९३९ मध्ये कॉर्नवॉलला गेली आणि सेंट आइव्ह्ज या कोळ्यांच्या गावी अखेरपर्यंत राहिली. १९७५ मध्ये स्टुडिओला लागलेल्या आगीत तिचा अंत झाला. तो स्टुडिओ आणि बाग आता संग्रहालय आहे. तिच्या जन्मगावी, वेकफील्डला, २०११ मध्ये तिच्या नावाची मोठी गॅलरी उघडली. म्हणजे ज्या मुलीचं नाव १९२४ च्या फलकावर लागलं नसतं, तिचं नाव आता इमारतीवर आहे.

दोघांना पुन्हा जोडणारी एक गोष्ट उरली, ती सांगताना मला नेहमी जड जातं. त्यांचा मुलगा पॉल हवाई दलात वैमानिक झाला. फेब्रुवारी १९५३ मध्ये थायलंडवर विमान कोसळून तो गेला. तेवीस वर्षांचा होता. आईनं त्याच्या स्मरणार्थ सेंट आइव्ह्जच्या चर्चसाठी ‘मॅडोना आणि बाळ’ हे पांढऱ्या दगडातलं शिल्प केलं. अनेक वर्षं ती अमूर्त आकारांतच काम करत होती. पण या एका कामासाठी ती पुन्हा आई आणि मुलाच्या ओळखू येणाऱ्या आकृतीकडे आली, जशी ती १९२७-२९ मध्ये करायची तशी. ती शिल्पं तिनं केली तेव्हा पलीकडे दुसरी हातोडी वाजत होती. या वेळी स्टुडिओत ती एकटी होती.

आता माझं म्हणणं, आणि मग जेवण.

आपण मेळाव्यात हिशेब मांडतो, इच्छा नसली तरी मांडतो. कोण कुठे पोचलं, कुणाचं किती नाव झालं. आपल्यातही कुणी न्यूयॉर्कच्या चौकात पोचले आहेत, कुणी न्यूमार्केटला. कुणी गावातच राहून उत्तम काम केलं, त्याची बातमी झाली नाही. या हिशेबात जी गोष्ट येत नाही ती म्हणजे सुरुवातीची तीन-चार वर्षं. हात अजून बसलेला नाही, कुणी आपल्याला ओळखत नाही, आणि शेजारी आपल्या बरोबरीचं कुणीतरी तेच शिकतं आहे. त्या वर्षांत शेजारच्याकडून मिळतं ते गुरूही देऊ शकत नाही. गुरू पुढे असतो, शेजारी बरोबर असतो. त्याचं बरं जमलं की आपल्याला रात्री झोप येत नाही, आणि आपलं फसलं की सगळ्यात आधी त्याला कळतं.

“टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,” असं आपल्याला या शाळेत दर परीक्षेआधी ऐकवलं गेलं. ती म्हण दगडाबद्दल आहे. दोन पाथरवट शेजारी बसून काम करत असतील, तर त्यांच्याबद्दल ती काही सांगत नाही. ते आपण सांगायला हवं.

म्हणून माझी एक छोटी विनंती आहे. ही स्मरणिका छापली जाईल तेव्हा प्रत्येकाची माहिती, पद, पत्ता, फोटो येईलच. त्याखाली एक ओळ वाढवा: “शेजारी कोण बसायचं?” प्रत्येकानं फक्त एक नाव लिहायचं. ज्याच्या वहीतून आपण गणित उतरवलं, जिच्यामुळे एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचं धैर्य झालं, ज्याच्याशी आठवीत भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही, असं कुणीही. आज जे इथे नाहीत, ज्यांचा पत्ता सापडला नाही, जे आपल्याला कायमचे सोडून गेले, त्यांची नावंही त्या निमित्तानं छापली जातील. आणि मुख्याध्यापक महोदयांना एक सुचवते: सभागृहातल्या फलकावर जागा असेल, तर यंदापासून दुसऱ्या नंबराचंही नाव लिहा. खर्च मी देते.